वाद्य कोणाच्या हातात आहे, ते आधी बघा

सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय मुद्राचित्रांमध्ये, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांमध्ये, गाणे-बजावणे, बागेतली फुरसत आणि नाचगाण्याच्या मैफली पुन्हा पुन्हा भेटतात. भिंतीवर लावायला, पडद्यांवर चिकटवायला, कपबशांवर उतरवायला ही चित्रे हजारोंनी छापली गेली. त्यांच्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळच्या सदरात देत आहोत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे एका घरगुती मैफलीचे फ्रेंच मुद्राचित्र आहे. त्यातल्या व्हायोलिनवादकाच्या डाव्या हातात गज आहे. तो डावखुरा होता, की चित्रकाराला वाद्याची माहितीच नव्हती?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. कोरणाऱ्याने मूळ चित्र जसेच्या तसे तांब्याच्या पत्र्यावर उतरवले की कागदावर ते उलटे उमटते. तुमचा वादक उजव्याच हाताने वाजवत होता, छापताना त्याची बाजू बदलली. हे टाळायचे दोन मार्ग कोरणाऱ्यांना माहीत होते. एक म्हणजे मूळ चित्र आरशात बघून कोरायचे. दुसरा म्हणजे लाल खडूने काढलेले रेखाटन ओलसर करून, मेण लावलेल्या पत्र्यावर पालथे ठेवायचे आणि दाबयंत्रातून काढायचे. मग रेखाटन पत्र्यावर उलटे उतरते आणि छापा सुलटा येतो. दोन्हीत वेळ जातो, म्हणून अनेकांनी उलटा छापाच विकला.

चित्र उलटे आहे का हे ठरवताना फक्त गजावर विसंबू नका. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखे जुने कळवाद्य, असेल तर त्याची सरळ, लांब कड वादकाच्या डाव्या हाताला हवी, कारण खर्जाच्या लांब तारा तिकडे असतात. वळणदार कड उजवीकडे येते. आडवी बासरी वादकाच्या उजव्या खांद्याकडे जाते. हार्प उजव्या खांद्यावर टेकते. गिटारची मान डावीकडे असते. शेजारी उभ्या असलेल्या सरदाराची तलवार त्याच्या डाव्या कमरेला हवी, म्हणजे उजव्या हाताने उपसता येते. यातल्या तीन खुणा एकाच बाजूने बोलू लागल्या तर निर्णय पक्का समजा. एकच खूण विरोधात जात असेल तर थांबा. कोरणाऱ्याने वादकाचे हात तेवढे दुरुस्त केले आणि तलवार उलटीच राहिली, असेही सापडते.

आणखी एक सावधगिरी. सुलटे चित्र दिसले म्हणून ते पहिल्या पत्र्यावरचेच आहे असे धरू नका. चोरून नक्कल करणारा कोरणारा छापलेल्या कागदावरूनच पत्रा कोरायचा. उलट्याचे उलटे झाले की सुलटे होते. त्यामुळे उजव्या हाताने वाजवणारा वादक कधी कधी नकलेचीच खूण ठरतो. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थच्या ‘मॅरेज आ ला मोड’ या मालिकेची तैलचित्रे आणि १७४५ ची मुद्राचित्रे शेजारी ठेवून बघा. डावी-उजवी बाजू पूर्ण बदललेली दिसेल. चित्रे छापण्यासाठीच काढायची हे त्याच्या मनात आधीपासून होते.

प्रश्न : रेशमी कपड्यातले मेंढपाळ झाडाखाली बसून पिशवीचे वाद्य वाजवताना दिसतात. हे खरे खेडूत समजायचे का? आणि हातात वाद्य असलेला भिकारी यांच्यापासून वेगळा कसा ओळखायचा?

उत्तर : ते खेडूत नाहीत. ते मेंढपाळांचा वेश घेतलेले श्रीमंत लोक आहेत. चित्रकार आंत्वान वातोला १७१७ मध्ये पॅरिसच्या शाही कला अकादमीने सदस्य करून घेतले, तेव्हापासून बागेतल्या रसिक मंडळींची अशी चित्रे हा एक मान्य प्रकार झाला. वातो १७२१ मध्ये वारला. त्याचा मित्र जाँ द ज्युलिएन याने त्याची रेखाटने १७२६ आणि १७२८ मध्ये, तर रंगचित्रे १७३५ पर्यंत कोरून घेऊन प्रसिद्ध केली. रेखाटनांच्या कामात तरुण फ्रांस्वा बूशेचा हात मोठा होता. पुढे लांक्रे आणि पातेर यांनी हाच विषय चालवला. अठराव्या शतकातल्या सजावटीत जिथे जिथे झाडाखाली गिटार वाजवणारा तरुण दिसतो, तिथे मागे बहुधा हे छापेच असतात.

आता वाद्याकडे या. पिशवीचे वाद्य दिसले की हवा कुठून येते ते शोधा. खेड्यातला वादक तोंडाने नळीत फुंकतो, गाल फुगतात, चेहरा ताणला जातो. म्युझेत या दरबारी पिशवीवाद्याला मात्र काखेखाली लहान भाता असतो. कोपर हलवले की हवा भरते, त्यामुळे चेहरा शांत राहतो आणि वादकाला बोलता-हसताही येते. पिशवीवर रेशमाचे किंवा मखमलीचे आवरण, नळ्या हस्तिदंताच्या, आणि खर्जाचे सूर एका आखूड जाड नळकांड्यात कोंबलेले. मुद्राचित्रात हे नळकांडे नीट दिसते. भाता आणि नळकांडे दिसले की पायात बूट कोणते आहेत हे न बघताही वर्ग सांगता येतो.

व्हिएल, म्हणजे चाक फिरवून वाजवायचे तंतुवाद्य, यापेक्षाही बोलके आहे. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, चाक तारांना घासते, डाव्या हाताने पट्ट्या दाबायच्या. सतराव्या शतकात हे आंधळ्या भिकाऱ्याचे वाद्य होते. जाक कालोने १६२२-२३ च्या सुमारास भिकाऱ्यांवर पंचवीस लहान चित्रांची मालिका केली, तीत व्हिएलवाला आहे. हॉलंडमध्ये आद्रियान फान ऑस्टाडेने १६४७ मध्ये तोच विषय घेतला. फाटका कोट, काखेत काठी, वाद्याची पेटी ओबडधोबड. मग व्हर्सायच्या परिसरात खेडूत जीवनाची हौस वाढली आणि हे वाद्य दिवाणखान्यात आले. आँरी बातों या कारागिराने १७१६ च्या सुमारास जुन्या गिटारच्या आणि १७२० च्या सुमारास ल्यूटच्या पेट्यांवर व्हिएलची यंत्रणा बसवली. आवाज गोड झाला, वाद्य देखणे झाले, उमराव घराण्यातल्या स्त्रिया ते मांडीवर घेऊन बसू लागल्या.

म्हणून व्हिएल दिसली एवढ्यावरून काहीही ठरवू नका. पेटीला गोल पाठ आणि जडावाची कड आहे का, वादक बसला आहे की पट्ट्याने गळ्यात अडकवून उभा आहे, आजूबाजूला ऐकणारे आहेत की पैसे टाकायची टोपी, हे बघा. तोंडाकडेही बघा. सभ्य माणूस गातानाही ओठ जेमतेम उघडतो असाच चित्रसंकेत होता. तोंड वासून गाणारा हा जवळजवळ नेहमी रस्त्यावरचा.

वातोच्या चित्रांत वादक अनेकदा वाजवत नसतो, तारा लावत असतो. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या एका प्रसिद्ध चित्रात थिऑर्बो हे लांब मानेचे वाद्य जुळवणे चालू आहे आणि भोवतीची मंडळी निवांत आहेत. कोणालाही घाई नाही, कारण इथे पैसे देऊन आलेला श्रोता नाही. वाट बघायला वेळ असणे हीच त्या वर्गाची ओळख, आणि हे दाखवायला तारा लावण्याच्या क्षणाइतका नेमका क्षण दुसरा नाही, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : स्त्रियांच्या हाती ठरावीकच वाद्ये का दिसतात?

उत्तर : कारण वाद्यापेक्षा बसण्याची ढब महत्त्वाची होती. हार्पसिकॉर्ड, गिटार, ल्यूट आणि नंतर पेडलची हार्प ही वाद्ये चेहरा न बिघडवता, पाठ ताठ ठेवून वाजवता येतात. बासरी किंवा ओबो फुंकताना ओठ आवळावे लागतात, चेलो पायांत धरावा लागतो, म्हणून ती वाद्ये पुरुषांच्या हाती. मोरो ल जनच्या उच्चभ्रू जीवनावरच्या मालिकेत १७७७ चे एक चित्र आहे, ‘लाकोर पार्फे’. त्यात स्त्री हार्पपाशी बसली आहे. हार्प वाजवताना दंड, मनगट आणि पेडलवरचा पाय सगळेच दिसते. पॅरिसमध्ये ते वाद्य एवढे गाजले त्यात मारी आंत्वानेत राणी ते वाजवत असे याचाही भाग होता.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट पुढे टीकेचा विषय झाली. जेम्स गिलरेने १८०५ मध्ये दोन चित्रांची जोडी काढली. पहिल्यात लग्नाआधी हार्पच्या साथीने जोडपे एकत्र गाते. दुसऱ्यात लग्नानंतर बायको पियानोवर जोरात गाते आणि नवरा न्याहारीच्या टेबलापाशी कानावर हात ठेवून वाचत बसतो. १८०९ च्या चित्रात सधन शेतकरी शाळेतून परतलेल्या मुलीचे पियानोवादन शेजाऱ्यांना ऐकवतो. पियानो घरात आणला की वरच्या वर्गात पाऊल पडते, ही समजूत त्या चित्राच्या केंद्रस्थानी आहे. तिथे वाद्यापेक्षा पाहुण्यांचे चेहरे बघावेत.

प्रश्न : होगार्थच्या ‘एनरेज्ड म्युझिशियन’मध्ये एवढी गर्दी का? त्यातले काय बघायचे?

उत्तर : १७४१ चे हे चित्र आवाजांचे आहे. खिडकीत विग घातलेला व्हायोलिनवादक कानावर हात दाबून उभा आहे. खाली रस्त्यावर रडते मूल घेतलेली, कवने विकणारी गायिका, ओबोवाला, ढोल बडवणारा मुलगा, डोक्यावर चरवी घेतलेली दूधवाली, सुरी पाजळणारा, घोड्यावरून शिंग फुंकणारा आणि वर पोपट. आधी खिडकीची चौकट बघा. वादक घरात आणि उंचावर, बाकीचे उघड्यावर. मग ओबोवाल्याकडे वळा. तोही वादकच, पण रस्त्यावरचा. म्हणजे फरक संगीत येण्या-न येण्याचा नसून ते कुठे वाजते याचा आहे. शेवटी भिंतीवरचा कागद. तो ‘बेगर्स ऑपेरा’च्या बासष्टाव्या प्रयोगाचा फलक आहे. साध्या लोकगीतांच्या चालींवर रचलेले ते नाटक १७२८ मध्ये प्रचंड चालले आणि इटालियन ऑपेराच्या श्रीमंत रसिकांना चांगलेच झोंबले. होगार्थ कोणाच्या बाजूने उभा आहे, हे त्या फलकावरून स्पष्ट कळते.

याला जोड म्हणून ‘मॅरेज आ ला मोड’चे चौथे चित्र बघा. श्रीमंत घरातला सकाळचा शृंगार, इटालियन गायक गातो आहे, मागे बासरी. एक बाई भारावून पुढे झुकली आहे आणि तिच्याजवळचा पुरुष चक्क झोपला आहे. यजमानीणबाईंचे गाण्याकडे लक्षच नाही.

प्रश्न : ही चित्रे विकत कोण घेत असे? गरिबांना परवडत होती का?

उत्तर : ‘मॅरेज आ ला मोड’ची सहा चित्रे वर्गणीदारांना एका गिनीला, म्हणजे एकवीस शिलिंगला मिळाली. लंडनमधल्या साध्या मजुराची आठवड्याची कमाई साधारण दहा शिलिंग होती. म्हणजे मालिका दोन आठवड्यांच्या मजुरीएवढी. १७५१ ची ‘बिअर स्ट्रीट’ आणि ‘जिन लेन’ ही चित्रे मात्र होगार्थने मुद्दाम एका शिलिंगला ठेवली, कारण ती खालच्या वर्गापर्यंत पोचावीत अशी त्याची इच्छा होती. तरीही मजुराला शिलिंग मोठाच. अशांना चित्रे दिसत ती दुकानाच्या काचेआड किंवा दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवर.

खऱ्या अर्थाने स्वस्त माल इटलीतल्या बासानोच्या रेमोंदिनी कुटुंबाच्या कारखान्यातून यायचा. सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८६१ पर्यंत तो चालला. डोंगराळ तेसिनो भागातले फेरीवाले पाठीवर गठ्ठे घेऊन युरोपभर ही चित्रे विकत. नक्कल बेधडक, रंग भडक, कागद पातळ. पॅरिसमध्ये कोरलेले बागेतले जोडपे दोन वर्षांत बासानोहून अर्ध्या किमतीत खेड्यात पोचले तर नवल मानू नये.

उलट दिशेचा प्रवासही झाला. फेरीवाल्यांची आणि रस्त्यावरच्या गायकांची चित्रे श्रीमंतांच्या भिंतीवर गेली. बूशार्दोंने काढलेल्या पॅरिसच्या फेरीवाल्यांची साठ चित्रे १७३७ ते १७४६ मध्ये निघाली. फ्रान्सिस व्हीटलीच्या लंडनच्या फेरीवाल्यांची तेरा चित्रे १७९३ ते १७९७ मध्ये निघाली. त्यात अर्ध्या पेनीला प्रेमगीत विकणारीही आहे. व्हीटलीची माणसे स्वच्छ, गुबगुबीत, हसरी आहेत. गरिबी दिवाणखान्यात लावायची तर ती धुऊनपुसूनच लावावी लागते, आणि या मालिकेतली गोडी त्यासाठीच आहे.

प्रश्न : भिंतीवर थेट चित्रे चिकटवण्याची पद्धत कशी होती? आणि भांड्यांवर ती कशी उतरायची?

उत्तर : इंग्लंड-आयर्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘प्रिंट रूम’ची लाट होती. खोलीच्या भिंतीला फिकट एकरंगी कागद लावायचा. चित्रांच्या कडा छापाच्या रेषेपर्यंत कापायच्या. जमिनीवर मांडणी करून बघायची, मग मोठे चित्र मध्ये आणि लहान चित्रे दोन्ही बाजूंना जोडीने चिकटवायची. चौकटी, फिती, साखळ्या आणि हार हेही छापील कागदच असत. ते तावांवर विकत मिळत आणि कात्रीने कापून लावले जात. आयर्लंडमधल्या कॅसलटाउन हाउसमध्ये लेडी लुइझा कॉनोली यांनी १७६० च्या दशकात केलेली अशी खोली अजून जागेवर आहे. काम घरातल्या स्त्रिया स्वतः करत, तेव्हा चित्रांची निवडही त्यांची.

याची किंमत चित्रांनी मोजली. कडा कापताना खालची अक्षरे गेली, म्हणजे चित्रकाराचे, कोरणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव गेले. व्हेनिसमध्ये चित्रे कापून कपाटांवर चिकटवत आणि वर वार्निशचे अनेक थर देत. ते वार्निश पुढे पिवळे पडले. पॅरिसहून निघालेले सजावटी नमुनेही याच कामासाठी वापरले जात. लंडनच्या रॉबर्ट सेयरने १७६० च्या सुमारास पीयमाँ आणि इतरांच्या रेखाटनांचे दोनशे पानांचे नमुनापुस्तक काढले. ते हौशी स्त्रिया आणि कुंभार दोघांनीही वापरले.

भांड्यांचे तंत्र असे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र खास रंगाने पातळ कागदावर छापायचे, तो कागद ओला असतानाच झिलईच्या भांड्यावर दाबायचा, मग भट्टीत भाजायचे. वूस्टरच्या कारखान्यासाठी रॉबर्ट हॅनकॉकने १७५० च्या दशकापासून असे पत्रे कोरले. वक्र पृष्ठभागावर कागद नीट बसला नाही की चुणी पडते आणि मानेपाशी चित्र तुटते. जुन्या कपावर तो सांधा हमखास हँडलखाली लपवलेला असतो. कापडावर फ्रान्समध्ये जुइ-आं-जोसासच्या ओबेरकांफने १७६० मध्ये कारखाना काढला आणि १७७० पासून तांब्याचे पत्रे वापरले. चित्र भांड्यावर किंवा कापडावर आले की वाद्याचे बारकावे पुसट होतात. तिथल्या गिटारच्या तारा मोजून तिचा काळ ठरवू नये.

प्रश्न : आमच्या हातातले चित्र जुने छापलेले आहे की नंतरची प्रत, हे घरी कसे तपासायचे?

उत्तर : दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि खिडकीचा उजेड पुरे. आधी भिंग रेषांवर. ब्युरिन या अणकुचीदार कोरणीने कोरलेली रेषा टोकाला निमुळती होते, आम्लाने खाल्लेली रेषा टोकाला बोथट राहते. जुन्या फ्रेंच चित्रांत दोन्ही एकत्र सापडतात. ठिपक्यांची चित्रेही असतात, पण तिथे ठिपके आकाराने आणि ओळीने अनियमित असतात. ठिपके यंत्राने आखल्यासारखे एकसारखे असतील तर ती अर्वाचीन छपाई. जिथे रेषा आहेत तिथे रेषेच्या आत बारीक दाणे दिसले तर ती छायाचित्राच्या मदतीने केलेली नक्कल. १९०० च्या आसपास अशा नकला भरपूर निघाल्या.

मग कागद उजेडाविरुद्ध धरा. जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या जवळजवळ रेषा आणि त्यांना आडव्या, साधारण दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरच्या रेषा दिसतात. साधा, रेषा नसलेला कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात आला आणि शतक संपता संपता सर्रास झाला. १७३५ साल छापलेल्या चित्राचा कागद असा सपाट असेल तर छपाई नंतरची. कडेला पत्र्याचा दाब आहे म्हणून खूश होऊ नका, नकलेवरही तो उठवता येतो.

पत्राच टिकून राहतो हेही लक्षात ठेवा. लुव्हरची छपाईशाळा १७९७ पासून जुन्या पत्र्यांवरून चित्रे छापते. होगार्थचे पत्रे १८२२ मध्ये जेम्स हीथने पुन्हा कोरून काढले. अशी छपाई खोटी नसते, पण पहिली नसते. पत्रा झिजला की आधी गालांवरच्या बारीक सावल्या जातात, मग बोटे आणि तारा. चेहरे सपाट आणि कपड्यांच्या गडद घड्या मात्र ठसठशीत असतील तर पत्रा थकलेला आहे.

खालची ओळ शेवटी वाचा. ‘पिंक्सिट’च्या आधी रंगचित्रकाराचे नाव, ‘डेलिनेआव्हिट’च्या आधी रेखाटणाऱ्याचे, ‘स्कल्प्सिट’च्या आधी कोरणाऱ्याचे, ‘एक्सकुडिट’च्या आधी प्रकाशकाचे. इंग्लिश चित्रावर संसदेच्या कायद्याचा उल्लेख आणि तारीख असेल तर ते १७३५ नंतरचे. होगार्थच्या खटपटीने झालेल्या त्या कायद्याने चौदा वर्षांचा हक्क दिला. मध्यभागी कुळचिन्ह आणि अर्पणपत्रिका असेल तर कोणा बड्याच्या आश्रयाची खूण. पत्त्यावर मात्र सगळा भरवसा नको. पॅरिसच्या लुई-मारें बोनेने १७७० च्या दशकात सोनेरी चौकटीची रंगीत चित्रे छापली. सोन्याच्या वापरावर तिथे निर्बंध होते, म्हणून त्याने त्यांवर इंग्रजी मथळे आणि लंडनचा पत्ता घातला.

अशी चित्रे बऱ्याचदा जोडीने विकली जात. सेंत-ओबेंने काढलेली मैफल आणि नृत्यसभा ही चित्रे द्युक्लोने कोरली, ती अशीच जोडी. तुमच्या चित्रातली मंडळी एकाच बाजूला तोंड करून असतील तर दुसऱ्या बाजूला बघणारे जोडचित्र असणे शक्य आहे, त्याचा शोध घ्या.

प्रश्न : चौकट करताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : समास कापू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून चित्र आम्लरहित पुठ्ठ्यावर टांगा. खालची कड मोकळी सोडा, म्हणजे दमटपणाने कागद फुगला तरी सुरकुतणार नाही. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये खिडकीचा पुठ्ठा ठेवा. प्रकाश ५० लक्सच्या आसपास, आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ आणि शक्यतो स्थिर. हाताने रंगवलेले चित्र असेल तर उन्हाची एक तिरीपही नको, आधी गुलाबी आणि पिवळा उडतो. तपकिरी डाग दिसले तर घरी ब्लीच करू नका, कागद कमजोर होतो आणि डाग परत येतात. ते काम कागदाच्या संवर्धकाकडे द्या, आणि देण्यापूर्वी चित्राच्या मागच्या बाजूचाही फोटो काढून ठेवा, कारण जुन्या मालकांचे शिक्के तिथेच असतात.